पाठीतली सळई आणि शेजारचं राज्य

एका आठ वर्षांच्या मुलीला मी फसवलं आणि मला माझ्या सरकारनं फसवलं. पहिला गुन्हा मी इथंच कबूल करून टाकतो. दुसरा कुणाच्या नावावर मांडायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी टर्नर आहे, लेथवर लोखंड कातणारा. वडील मोहने गावात रेयॉनच्या कारखान्यात होते. आयटीआय झाल्यावर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्याच्या लेथवर बारा वर्षं काढली. मग एक जुनी लेथ घेऊन अर्धा गाळा भाड्यानं घेतला, मग पूर्ण गाळा, मग शेजारचाही. आज हाताखाली चौदा माणसं आहेत. यात कुणाचा टेकू नव्हता. हे मी सांगायला लागलो की बायको म्हणते, "झालं, सुरू झालं यांचं." माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं आणि भाव करताना मी सख्ख्या भावालाही सोडत नाही. हे दुर्गुण असतील, पण त्यांच्याच जिवावर घर उभं राहिलं.

सूतगिरण्यांना लागणारे शाफ्ट आणि रोलर आम्ही बनवतो. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सीमेपलीकडचं होतं. देशाचं नाव लिहीत नाही. एक तर तिथं माझी माणसं आहेत. दुसरं म्हणजे, नाव लिहिलं की वाचणारा लगेच बाजू घेतो आणि पुढचं वाचतच नाही.

तिथल्या एका मोठ्या गिरणीची खरेदी पाहणारा माणूस वर्षातून एक-दोनदा ठाण्याला यायचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, दाढी पांढरी, अंगावर कायम एकच करडा कोट. मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला दादा. दोघांचं हिंदी मोडकं, पण भाव करायला ते पुरायचं. तो कॅटलॉग उलटत म्हणायचा, "दादा, एवढ्या किमतीत तर शाफ्टनं स्वतःच चालत बॉर्डर ओलांडली पाहिजे." मी म्हणायचो, "चालेल की. तुमच्याकडच्या रस्त्यांवर मात्र लंगडेल." दोन तास असं चालायचं, मग माझ्या घरी जेवण. बायकोनं केलेली बोंबलाची आमटी तो ताटाला बोट लावून पुसून खायचा.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी मी त्याला कधी सांगितली नाही. माझ्या शाफ्टवरचे आटे बाजारातल्या मापाचे नसतात. अगदी किंचित वेगळे पाडतो. एकदा माझा शाफ्ट मशिनमध्ये बसला की नट माझाच लागतो, पाना माझाच लागतो आणि दुरुस्तीला माणूस माझ्याकडंच येतो. गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही चाल मी ज्या गाळ्यात काम शिकलो तिथंच शिकलो. हलकी चाल आहे, पण चोरी नाही, असं मी स्वतःला सांगत आलो.

एका खेपेला चाचानं गुंडाळीतून ड्रॉइंग बाहेर काढलं, त्याबरोबर एक एक्स-रे टेबलावर पडला. पाठीचा कणा होता. नदीनं वळण घ्यावं तसा तो एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं गेलेला.

"हा कुठल्या मशिनचा पार्ट?" मी थट्टेनं विचारलं.

"माझ्या नातीचा," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. नात आठ वर्षांची. कणा वाकत चाललाय, असाच वाकला तर फुप्फुसं दबतील. ऑपरेशन त्यांच्याकडं होत नाही. गिरणीच्या मालकानं समुद्रापलीकडच्या एका देशातल्या हॉस्पिटलचं नाव सुचवलंय. त्या देशातल्या मशिनवाल्यांशी मालकाची बोलणीही चालू आहेत, तर एका फेरीत दोन्ही कामं होतील.

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्यातला भाव करणारा माणूस जागा झाला. खोटं बोलत नाही, मुलीची दया आली. पण पहिला विचार आला तो असा, की हा माणूस नातीला घेऊन तिकडं गेला तर ऑर्डरही तिकडंच जाणार.

"कशाला एवढ्या लांब?" मी म्हणालो. "इथं आणा. डॉक्टर मी शोधतो, राहायची सोय मी करतो. तुमची पोर ती माझी पोर."

"दादा, एकदा येऊन भागणार नाही म्हणतात. पुन्हा पुन्हा यावं लागेल."

"मग या की. कोण अडवणार आहे तुम्हाला?"

तो एक्स-रे पुन्हा गुंडाळत म्हणाला, "राज्य आहे. आज असं आहे, उद्या तसं."

"तुमच्या राज्यामागं आमचं सरकार उभं आहे, चाचा. ते कुठं जात नाही. पुढची दहा वर्षं लिहून घ्या."

ही माझी हमी. मी कोण, माझी ऐपत काय, दोन देशांच्या वतीनं दहा वर्षांची हमी देणारा? पण मी टेबलावर हात आपटून दिली, आणि माझा आवाज मोठा असल्यामुळं ती खरी वाटली. त्यानं मला इसार म्हणून त्यांच्याकडचं एक नाणं दिलं. आमच्यात तशी पद्धतच पडली होती. नाणं घेतलं की कुणी मागं फिरायचं नाही.

ऑपरेशन ठाण्यातच झालं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट समजावलं होतं. मूल वाढतं आहे, म्हणून कणा आत्ताच कायमचा बांधून टाकता येत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन सळया घालायच्या, आणि दर आठ महिन्यांनी थोडं उघडून त्या वाढवायच्या. मुलीची वाढ पूर्ण होईपर्यंत हे करायचं. खेप चुकली तर सळईवर ताण येतो. मी विचारलं, "हे दुसरा कुणी डॉक्टर करू शकेल?" ते म्हणाले, "करू शकेल, पण याच पद्धतीची सळई आणि याच सेटमधली हत्यारं लागतील. दुसऱ्याच्या कामाला सहसा कुणी हात लावत नाही."

मला ते लगेच समजलं. वेगळे आटे. मी मान डोलावली, आणि मनात आलं ते असं, की बरं झालं, आता हे दर आठ महिन्यांनी येणार. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

ती आली ती दर खेपेला आई आणि आजोबांबरोबर. खोपटला एसटी डेपोच्या मागं एक खोली मी त्यांना घेऊन द्यायचो. त्यांच्या भाषेत काकाला काकू म्हणतात, म्हणून ती मला काकू म्हणायची, आणि गाळ्यातले कामगार तोंड फिरवून हसायचे. एकानं तर मला विचारलं, "काकू, चहा सांगू का?" त्याला मी दोन दिवस भंगार मोजायला बसवला. पोरगी धीट होती. पाठ ताठ ठेवूनच चालायची, खाली पडलेली वस्तू उचलायला गुडघ्यावर बसायची. बायको तिचे केस विंचरायची आणि मुद्दाम मराठीत बोलायची. तिसऱ्या खेपेला पोरगी तिला म्हणाली, "काकी, हळू ओढ." बायको दिवसभर तेच सांगत होती. त्या खेपेला डॉक्टरांनी तिला मोजपट्टीला उभं केलं. ती पहिल्यापेक्षा उंच भरली. चाचा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, आम्हाला डोळे दिसू नयेत म्हणून.

याच दिवसांत तिकडं निवडणूक झाली. माझा एक मोहन्याचा बालमित्र आहे, पोस्टातून निवृत्त झालेला. सकाळी आम्ही तलावपाळीला फिरतो. तो मला शेठ म्हणून चिडवतो, मी त्याला पोस्टमास्तर म्हणतो. त्या सकाळी मी पेढे घेऊन गेलो होतो.

"कसले?" त्यानं विचारलं.

"शेजारी आपलाच माणूस पुन्हा बसला. गाळा चालू राहणार."

"तुझा माणूस की तिथल्यांचा?"

"दोघांचा."

"विरोधक तुरुंगात, मतदानाला कोण गेलं कुणास ठाऊक. आणि आपण सगळ्यांच्या आधी हार घेऊन उभे."

"मग काय, दाराबाहेर उभं राहायचं?"

"हो. दुसऱ्याच्या घरात कर्ता कोण हे ठरत असताना पाहुण्यानं बाहेरच थांबायचं असतं. शाळेत पंचशील शिकलो ना रे आपण? एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. आमच्या घरी रोज म्हणतात ते बुद्धाचं पंचशील वेगळं. पण सरकारनं स्वतः सही केलेलं तरी पाळावं."

"तू पोस्टात नोकरी केलीस, धंदा नाही केलास."

"म्हणून तर. दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नाही, एवढंच शिकलो."

पेढा त्यानं घेतला, पण खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खिशात टाकला. मला राग आला. मी त्याला म्हणालो की तुझ्यासारख्यांमुळं देश मागं राहिला. तो म्हणाला, "असेल बाबा."

मग तिकडचं राज्य पडलं. तिथल्याच लोकांनी रस्त्यावर उतरून पाडलं. टीव्हीवर ते बघताना मला आधी फक्त ट्रकची काळजी वाटली, कारण माझा माल सीमेवर उभा होता. लोक ज्याच्यावर चिडले होते त्याच्या खांद्यावर आमच्या सरकारचा हात इतकी वर्षं होता, त्यामुळं राग आमच्यावरही होता. तिकडं आमच्या मालावर बहिष्कार, आमच्या व्हिसाकेंद्रांवर दगड. इकडून उत्तर म्हणून व्हिसा बंद. माणसांच्या सुरक्षेचं कारण होतं, ते पहिल्या दिवसांत खरंही असेल. पण महिने गेले, रस्ते शांत झाले, तरी दार उघडलं नाही.

चौथी खेप जवळ आली होती. चाचाचा फोन आला.

"दादा, तारीख मिळत नाही."

"मिळेल. मी बघतो."

हॉस्पिटलचं पत्र घेतलं. डॉक्टरांनी त्यात स्पष्ट लिहिलं की शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास सळई तुटण्याचा धोका आहे. ते पत्र घेऊन मी ज्या ज्या दारात उभा राहिलो त्यांची यादी देत नाही. एका ठिकाणचं बोलणं मात्र शब्दाला शब्द लक्षात आहे.

"पेशंट तुमची कोण?" साहेबानं विचारलं.

"गिऱ्हाइकाची नात."

"म्हणजे नातं नाही. धंद्याचा संबंध."

"साहेब, तिच्या पाठीत सळई आहे. ती इथंच बसवलीय, इथंच वाढवायची आहे."

"अत्यावश्यक केस असेल तर त्यांनी तिकडून अर्ज करावा."

"तिकडं केंद्र बंद आहे."

"मग उघडल्यावर करावा."

"कधी उघडेल?"

"ते वरून ठरतं."

मी आवाज चढवला. माझी ती जुनी खोड. त्यानं शिपायाला बोलावलं आणि मला बाहेर काढलं. भाव करताना समोरच्याला काहीतरी हवं असावं लागतं. त्या टेबलापलीकडच्या माणसाला माझ्याकडून काहीच नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा माणसासमोर बसलो होतो, जो हो म्हणाला काय आणि नाही म्हणाला काय, त्याचं काही बिघडणार नव्हतं.

आमच्या भागातल्या एका लोकप्रतिनिधीकडंही गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "शेठ, आत्ता त्यांच्या बाजूनं बोललो तर आपलेच लोक मला खातील. थोडं थंड होऊ द्या."

"कण्याला कसं सांगू थंड हो म्हणून?" मी विचारलं. तो घड्याळाकडं बघत होता.

मग दुसरा मार्ग. डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, तिथला कुणी सर्जन तयार असेल तर मी व्हिडिओ कॉलवर समोर बसून सांगतो, हत्यारांचा सेट पाठवा. तिकडं चाचानं एक सर्जन कसाबसा तयार केला. मी सळई बनवणाऱ्या कंपनीकडून सेट मिळवला, कागदपत्रं केली, पार्सल पाठवलं. बावीस दिवसांनी ते माझ्याच गाळ्यावर परत आलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं. कुठल्या बाजूनं परत पाठवलं हे शिक्क्यावरून कळत नव्हतं, आणि दोन्ही बाजू एकमेकींकडं बोट दाखवत होत्या.

मधे एकदा पोरगी स्वतः फोनवर आली.

"काकू, मी कधी येऊ?"

"लवकर बाळा."

"मी उंच झालेय. इथं टोचतंय."

मी फोन बायकोकडं दिला. तिनं काय सांगितलं माहीत नाही, मी गाळ्यात निघून गेलो आणि विनाकारण तिघांना शिव्या दिल्या.

सळई तुटली ती शाळेत, बाकावर बसताना. चाचानं एक्स-रे फोनवर पाठवला. तीस वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाला तुटलेला धातू बघितला की कारण कळतं. धक्क्यानं तुटलेलं वेगळं दिसतं. हे रोज थोडं थोडं ताणलं जाऊन तुटलेलं होतं. पोर वाढत होती आणि सळई वाढवायला कुणी नव्हतं. तुटलेलं टोक आत रुतलं, मग जंतुसंसर्ग झाला. तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचवण्यासाठी दोन्ही सळया काढून टाकल्या. कणा पुन्हा वाकला, आधीपेक्षा जास्त. आता तिचा डावा पाय चालत नाही आणि दोन वाक्यं बोलली की तिला दम लागतो. ती अकरा वर्षांची आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, आता आणलं तरी पहिल्यासारखं होणार नाही.

चाचा मला एक शब्द वाईट बोलला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही खरेपणानं सांगितलं होतं. तुम्हाला तरी काय माहीत?" मी त्याला सांगायला हवं होतं की मी खरेपणानं सांगितलं नव्हतं, ऑर्डरसाठी सांगितलं होतं. धीर झाला नाही. ऑर्डर आता कुणाचीच नाही. गिरणी समुद्रापलीकडून माल घेते.

पोस्टमास्तरला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, सांगितलं होतं ना. तो तसं म्हणाला नाही. मीच वाद उकरून काढला. म्हणालो, "शेजारी आग लागली तरी गप्प बसायचं का? तिथं गरिबांना कापून काढत असतील, तरी अंतर्गत बाब म्हणायची?"

तो म्हणाला, "नाही. जीव वाचवायला दार उघडावं, धान्य द्यावं, औषध द्यावं, दवाखाना द्यावा. ती मदत. गादीवर कोण बसेल हे ठरवायला जाऊ नये. आपण नेमकं उलटं केलं. गादीच्या भानगडीत पडलो आणि दवाखान्याचं दार लावलं."

मी संत नाही, मला तत्त्वं कळत नाहीत, व्यवहार कळतो. व्यवहाराच्या भाषेत सांगतो. घराशी सौदा करायचा सोडून घरातल्या एका माणसाशी केला, तर तो माणूस गेला की सौदा बुडतो. हे वागळेतल्या नवख्या दलालालाही समजतं. आपल्या मोठ्या मोठ्या लोकांना समजलं नाही, किंवा समजून त्यांनी फिकीर केली नाही, कारण बुडीत त्यांच्या घरात येणार नव्हतं. आणि आजाऱ्यांचे व्हिसा अडवून नव्या राज्याला धडा शिकवायचा, हीसुद्धा ढवळाढवळच. आधी एका माणसाचा हात धरून केली, मग पोरीच्या पाठीवर पाय देऊन केली. तिनं कुणाला मत दिलं नव्हतं आणि कुणाला पाडलंही नव्हतं.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तीन प्रश्न विचारले. उपचारासाठीचे व्हिसा थांबवण्याचा निर्णय कोणत्या अधिकाऱ्यानं किंवा मंत्र्यानं घेतला? ज्यांचे उपचार इथं अर्धवट राहिले, त्यांचा विचार त्या फायलीत कुठं केला आहे का? केला नसेल, तर का नाही? उत्तर चार ओळींचं आलं. ही माहिती दिल्यास परराष्ट्र संबंधांना बाधा येईल, म्हणून देता येत नाही. बाधा यायची आता काय शिल्लक आहे, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

मी अपील केलं आहे. त्याची सुनावणी होईल, तिथंही मला शिपायाकरवी बाहेर काढतील, मग मी त्याच्या वरचं अपील करीन. वकील म्हणतो, शेठ, सोडा, यातून काही मिळणार नाही. मला काही मिळवायचंच नाही. ज्यानं त्या कागदावर सही केली त्याचं नाव आणि हुद्दा मला हवा आहे. त्या दिवशी त्याच्यासमोर आजाऱ्यांची यादी होती की नव्हती, हे त्यानं सांगावं. मला लेखी सांगावं, आणि तिच्या आजोबांना फोन लावून तोंडी सांगावं. नंबर माझ्याकडं आहे.